दोन वाजताच्या मुंग्या

मधुमतीताई सबनीसांच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं आमच्या कॉव्हेंट्रीच्या ऑफिसात ठरलं, तेव्हा ठरवणाऱ्यांत मीही होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी शहाणपणा करताना दिसलो तर तुम्ही मला ओळखून असाल.

आमची कंपनी औषधांची पत्रकं छापते. गोळ्यांच्या खोक्यातून घडी घातलेला पातळ कागद निघतो आणि आपण तो न वाचता फेकून देतो, तीच पत्रकं. मी वरच्या मजल्यावर सॉफ्टवेअर लिहितो. पुण्याहून आलेला, व्हिसावरचा माणूस, त्यामुळे साहेबापुढे आवाज चढवण्याची सवय नाही. ताई खालच्या मजल्यावर प्रूफं तपासतात. छपाईला जाण्याआधीचं शेवटचं पान त्यांच्या स्क्रीनवर येतं आणि त्यांनी मंजूर केल्याशिवाय मशीन हलत नाही. शून्य पूर्णांक पाचमधला तो एवढासा ठिपका गळला, तर कुणाच्या तरी पोटात दहापट औषध जाईल. सव्वीस वर्षांत असा एकही ठिपका त्यांच्या नजरेतून सुटलेला नाही.

अठ्ठ्याऐंशी साली लग्न होऊन त्या मिरजेहून इथे आल्या. यजमान मुरलीधरराव मोटारींच्या कारखान्यात होते, त्यांना जाऊन पाच वर्षं झाली. ताई या कंपनीत लागल्या त्या पत्रकांच्या घड्या घालायला. घड्या घालता घालता वाचायची खोड. एकदा एका पत्रकात त्यांना चूक दिसली आणि त्यांनी ती दाखवली. सुपरवायझर म्हणाला, तुझं काम घड्या घालायचं आहे, वाचायचं नाही. ताईंनी हातातला कागद खाली ठेवला, हात मांडीवर ठेवले आणि वरचा साहेब येईपर्यंत पाऊण तास तशाच बसून राहिल्या. चूक खरी निघाली. तीन महिन्यांनी त्यांना प्रूफं तपासायला बसवलं, त्या अजून तिथेच आहेत. आता वय त्रेसष्ट. चष्मा दोरीला बांधून गळ्यात, अंगात करडं कार्डिगन, आणि बोलणं असं की समोरच्याने आपलं वाक्य पूर्ण करावं की नाही याचा विचार करावा.

यंदा मार्चमध्ये ऑफिसात वरखाली होणारी टेबलं आली. बटण दाबलं की टेबल वर जातं आणि माणसाने उभं राहून काम करायचं. पाठीला चांगलं म्हणे. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी खेळून घेतलं, मग सगळी टेबलं खाली गेली ती खालीच राहिली. फक्त ताईंचं रोज वर जायचं, कारण जेवल्यावर लगेच बसायचं नाही हा त्यांच्या माहेरचा नियम. पूर्वी डबा खाऊन त्या पार्किंगमध्ये चकरा मारायच्या. आता पावसापाण्यात बाहेर जायला नको. डबा खायचा, टेबल वर करायचं आणि दोनपासून साडेतीनपर्यंत उभ्याने काम करायचं. हे इतकं रोजचं झालं की ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही, खुद्द त्यांच्याही नाही.

सप्टेंबरात त्यांनी त्यांच्या मॅनेजरला, ग्रॅहमला, सांगितलं, "ग्रॅहम, माझ्या स्क्रीनवर मुंग्या आहेत. रोज दुपारी दोनला येतात."

हे त्यांनी इंग्रजीत सांगितलं, आणि घोळ तिथेच झाला. आपल्यापैकी कुणालाही हे ऐकताक्षणी कळलं असतं. टीव्हीचं चित्र बिघडून पडदाभर ठिपके वळवळायला लागले की आपल्याकडे घरातलं शेंबडं पोरही ओरडतं, मुंग्या आल्या. इंग्रजांना त्याच ठिकाणी बर्फ पडताना दिसतो. ज्याच्या त्याच्या अंगणात जे असतं ते त्याला दिसतं. ग्रॅहमने मुंग्या ऐकल्या आणि कीटकनाशकवाल्याला फोन केला.

तो माणूस आला, टेबलाखाली रांगला, दोन सापळे लावून गेला. दुसऱ्या दिवशी ताई वैतागल्या. "अरे, टेबलावर नाहीत. स्क्रीनच्या आत आहेत. त्या खऱ्या मुंग्या नाहीत."

खऱ्या नाहीत, हे ग्रॅहमने लिहून घेतलं.

त्यात भर म्हणून त्याच पंधरवड्यात ताईंनी तीनदा मशीन थांबवलं. तिन्ही वेळा म्हणाल्या, आकड्यातला ठिपका दिसत नाही. तिन्ही वेळा कागदावर काढून पाहिलं तर ठिपका जागच्या जागी. ताईंचं म्हणणं, ठिपका लुकलुकत होता, शंका आली की थांबवायचं हाच नियम आहे. ग्रॅहमचं म्हणणं, प्रत्येक वेळी दोन दोन तास मशीन उभं राहिलं.

तसा ग्रॅहम वाईट नाही. त्याने चौकशीचा देखावा तरी केला. आयटीचा माणूस सकाळी साडेनऊला आला, त्याला काही दिसलं नाही. मग ग्रॅहम स्वतः एकदा दुपारी दोनला आला. साहेब आलेत म्हटल्यावर ताईंनी काय करावं? टेबल खाली घेतलं आणि त्याला स्वतःची खुर्ची दिली. आलेल्या माणसाला उभं कसं ठेवायचं? तो बसला, पाच मिनिटं स्क्रीनकडे बघत राहिला. एक मुंगी दिसेल तर शपथ.

शेवटी त्यांनी मला विचारलं. माझ्या गाडीतूनच आम्ही दोघं येतो-जातो. खालच्या मजल्यावर मोबाइल नेता येत नाही, गिऱ्हाइकांची गुपितं असतात, त्यामुळे फोटो काढायची सोय नव्हती. मी म्हटलं, मुंग्या आल्या की स्क्रीनशॉट घ्या आणि मला पाठवा. पाठवला. मी तो चारपट मोठा करून बघितला. आरशासारखा स्वच्छ.

"ताई, यात काही नाहीये," मी म्हटलं. "स्क्रीनशॉट एकदम क्लीन आहे."

"मग केबल बघायची का रे? माझ्या वडिलांचं मिरजेला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. चित्र बिघडलं की ते आधी वायर बघायचे."

"ते अँटेनाचे दिवस होते, ताई. आता सगळं डिजिटल. डिजिटल केबल एक तर चालते नाहीतर बंद पडते. मधलं काही नसतं."

हे मी इतक्या खात्रीने बोललो की आज आठवलं तरी कानशिलं तापतात. आणि वर काय म्हणालो ते ऐका. "एकदा डोळे दाखवून घ्या ना."

त्यांनी डोळे दाखवले. चष्म्याचा नंबरसुद्धा बदलला नव्हता. पण तोवर गोष्ट डोळ्यांच्या पुढे गेली होती. कंपनीच्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर वीस मिनिटं बोलून अहवाल दिला. दुपारी ठरावीक वेळी मुंग्या दिसतात, त्या खऱ्या नसल्याचं रुग्ण स्वतः मान्य करते, तेव्हा स्मरणशक्तीची आणि मेंदूची तपासणी व्हावी. त्याला जोडून फॉर्म आला. ताईंनी प्रूफाचं काम सोडून पार्सलं घ्यायच्या काउंटरवर बसायचं, पगार तोच, आणि पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारपर्यंत सही करायची. मीटिंगला सोबत एक सहकारी आणता येईल, असं खाली लिहिलं होतं.

ताईंनी माझं नाव दिलं. मी मनात म्हटलं, बरं झालं, समजावून सही करून घेऊ.

गाडीत तोच विषय चालला होता तेव्हा ईशिताचा फोन आला. ईशिता म्हणजे ताईंची मुलगी, कॉव्हेंट्रीत जन्मलेली, आता ईलिंगच्या शाळेत शिकवते. ताईंनी फोन स्पीकरवर टाकला.

"आई, तू साइन कर ना, प्लीज. इट्स नॉट अ बिग डील. तुझा तब्येत महत्त्वाचा आहे."

"माझा तब्येत ठणठणीत आहे."

"पण आजीला पण तसंच झाला होता ना. मुंग्या."

ताईंनी फोन बंद केला.  मग मला म्हणाल्या, "आईला शेवटची दोन वर्षं, इथे माझ्याकडे असताना, चादरीवर मुंग्या दिसायच्या. वेचत बसायची. एक एक उचलायची आणि माझ्या हातावर ठेवायची." आणि मग, "मला भीती वाटते, अवधूत. सही करायची नाही म्हणून मी भांडते खरी, पण रात्री वाटतं, हे सगळे खरं बोलत असले तर?"

मी काहीतरी पुटपुटलो. धीर देणारं नव्हतं ते. मी म्हणालो, "काउंटरचं काम आरामाचं असतं, ताई."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की सिग्नल हिरवा झालेला मला दिसला नाही, मागच्याने हॉर्न दिला.

"हे बघ," त्या म्हणाल्या. "काउंटरवर बसायला मला कमीपणा नाही. पण मला जे दिसतं ते नाही असं लिहून मी सही करणार नाही. चूक माझ्यात असेल तर मी शोधीन. यंत्रात असेल तर तीही मीच शोधीन. तू नको शोधूस. तुझं सगळं डिजिटल."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी वही सुरू केली. वडिलांची पद्धत एकच होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि मग बघायचं. दोन गोष्टी बदलल्या तर कुणामुळे फरक पडला हे देवालाही कळत नाही, असं ते म्हणायचे. ताईंनी एक दिवस जुना चष्मा लावला: मुंग्या. एक दिवस खिडकीचे पडदे ओढले: मुंग्या. एक दिवस दुपारचा चहा सोडला: मुंग्या, शिवाय डोकेदुखी. एक दिवस स्क्रीनचा उजेड कमी केला: मुंग्या. वहीत सगळं तारखेनिशी. मला गाडीत वाचून दाखवायच्या आणि मी हं हं करायचो.

मग बुधवार आला. मीटिंगला दोन दिवस उरले होते. मी वर माझ्या जागेवर बसलो होतो आणि फोन वाजला. साडेतीनचा सुमार.

"खाली ये. आज आल्या नाहीत."

मी खाली गेलो. ताई खुर्चीत ताठ बसलेल्या, वही उघडी.

"आज काय बदललंत?"

"काहीच नाही. तेच डोकं लढवतेय दोन वाजल्यापासून. चष्मा तोच, चहा तोच." त्या एकदम थांबल्या. "आज संकष्टी आहे."

"म्हणजे गणपतीने..."

"चूप बस. संकष्टी म्हणजे उपास. उपास म्हणजे डबा नाही. डबा नाही म्हणजे जेवण नाही, आणि जेवले नाही तर मी उभी कशाला राहीन? अवधूत, मी आज टेबल वर केलंच नाही."

त्यांनी बटण दाबलं. टेबल घुंईऽऽ करत वर गेलं. आणि माझ्या डोळ्यांसमोर, त्या स्वच्छ पांढऱ्या पानावर, गुलाबी-हिरवे ठिपके वळवळायला लागले. पोटात अन्नाचा कण नसलेल्या बाईच्या स्क्रीनवर, आणि मी, वरणभात चापून आलेला माणूस, ते बघत होतो. ताईंनी टेबल खाली घेतलं. गेले. वर. आले. मला लाज वाटली. इतकी वाटली की मी आधी खालीच बघितलं.

खाली बघितल्याचा फायदा झाला. टेबलं बसवणाऱ्यांनी स्क्रीनची केबल टेबलाच्या पायाशी प्लॅस्टिकच्या पट्टीने करकचून आवळली होती. टेबल खाली असताना ती ठीक असायची. वर गेलं की ताणली जायची आणि स्क्रीनच्या मागे, जिथे ती आत जाते, तिथे तिला काटकोनात मोड पडायचा. सहा महिने रोज ताणून ताणून ती मोडाशी आतून दुबळी झाली होती.

ताई तोवर टेबलाखाली गेल्या होत्या. त्रेसष्टाव्या वर्षी, कार्डिगनसकट, कीटकनाशकवाल्याच्या सापळ्यांच्या शेजारी. तिथून त्यांचा आवाज आला, "मी वायर हलवते. तू वर बघ आणि सांग. आल्या का?"

"आल्या."

"आता?"

"गेल्या."

"आता?"

"थोड्या आहेत. उजवीकडे. थांबा, आल्या, आल्या!"

खालच्या मजल्यावरचे सगळे इंग्रज कानांतले हेडफोन काढून आमच्याकडे बघत होते. मिरजेत ताई गच्चीवर अँटेना फिरवायच्या आणि खालून वडील ओरडून सांगायचे. इथे त्या खाली आणि मी वर. एवढाच फरक.

मी म्हटलं, "माझ्या ड्रॉवरमध्ये नवी केबल आहे. दोन मिनिटांत बदलतो."

"हात लावू नकोस."

"अहो, पण..."

"आज केबल बदलली तर शुक्रवारी म्हणतील, आराम पडला बाईला. मी बरी झालेली नाही, मी आजारीच नव्हते. जिने हा फॉर्म आणला ती वायर शुक्रवारी दोन वाजता इथेच पाहिजे. आणि तू सांगून उपयोग नाही, तू माझा माणूस."

मीटिंग शुक्रवारी सकाळी अकराला, वरच्या खोलीत ठेवली होती. ताईंनी ग्रॅहमला लिहिलं, दुपारी दोनला, माझ्या टेबलाशी. त्याने लिहिलं, विषय खासगी आहे, सर्वांसमोर योग्य दिसणार नाही. ताईंनी उत्तर दिलं, मला चालेल, फॉर्म घेऊन या, सही टेबलाशीच होईल. सही म्हटल्यावर तो तयार झाला. मी ते पत्र वाचून चमकलो. "ताई, तुम्ही सही करणार?"

"मी करणार असं कुठे लिहिलंय? नीट वाच. वाचायचं कामच करते मी."

शुक्रवारी ताईंनी डबा खाल्ला. सावकाश, शेवटच्या घासापर्यंत. दोन वाजता ग्रॅहम आणि एचआरची बाई आले. त्या बाईच्या हातात फॉर्म, चेहऱ्यावर दवाखान्यातली माया. मी ताईंच्या शेजारी उभा. साहेबासमोर उभं राहिलो की मला आधी व्हिसाची तारीख आठवते.

सवयीने ताईंचा हात खुर्चीकडे गेला. मग त्यांनी तो मागे घेतला. "ग्रॅहम, आज मी तुला बसायला देणार नाही. माफ कर."

त्यांनी बटण दाबलं. टेबल वर गेलं. स्क्रीनवर त्या तीन पत्रकांपैकी एक उघडलेलं होतं.

ग्रॅहम पुढे वाकला. चष्मा काढला, पुसला, परत लावला. "गुड लॉर्ड," तो म्हणाला. "हे तर... हे चालताहेत. मुंग्यांसारखे."

"कशासारखे?" ताईंनी विचारलं.

"मुंग्यांसारखे."

ताई एचआरच्या बाईकडे वळल्या. आवाज अगदी साधा. "कृपया लिहून घ्या. ग्रॅहमलाही मुंग्या दिसतात. वेळ, दोन वाजून चार मिनिटं."

मागे कुणीतरी हसलं. ग्रॅहमचे कान लाल झाले. आता बोलायची पाळी माझी होती, आणि मी बोललो. टेबल वरखाली करून दाखवलं, केबलचा मोड दाखवला. स्क्रीनशॉट कॉम्प्युटरच्या पोटात निघतो, केबल त्याच्या पुढे लागते, म्हणून त्यात काही दिसलं नाही, हे सांगितलं. डिजिटल केबल मरायच्या आधी आजारीही पडते, आणि हे मला माहीत नव्हतं, हेही सांगितलं. ते मी कुणी न विचारता सांगितलं. मग ताईंच्या परवानगीने नवी, लांब केबल लावली, दुसरं काहीही न हलवता. टेबल वर गेलं. पान स्वच्छ. आकड्यातला ठिपका जागच्या जागी, काळाकुट्ट.

ग्रॅहमने माफी मागितली, मनापासून मागितली. मग तो फॉर्म दोन हातांत धरून फाडायला निघाला.

"फाडायचा नाही," ताई म्हणाल्या.

"मधु, आता याची गरज नाही."

"मला आहे. उद्या कुणी माझी फाइल उघडली तर डॉक्टरांचा अहवाल सापडेल आणि हा सापडणार नाही. तिथे लिहिलंय, कर्मचाऱ्याला दुपारी दोनला मुंग्या दिसतात. त्याच्याखाली लिही, मॅनेजरलाही दिसल्या, कारण केबल. त्याच्याखाली लिही, तिन्ही वेळा मशीन थांबवलं ते बरोबर होतं. आणि सही कर. मी म्हटलं होतं ना, सही टेबलाशीच होईल."

उंच केलेल्या टेबलावर वाकून, उभ्याने, ग्रॅहमने लिहिलं आणि सही केली. ताईंनी ते वाचलं. एक स्पेलिंग चुकलं होतं. ते दुरुस्त करून घेतलं.

घरी जाताना मी खुशीत होतो, बडबडत होतो.  स्टेशनच्या पुलाखाली गाडी थांबली तेव्हा ताई म्हणाल्या, "आई माझ्या हातावर मुंग्या ठेवायची ना, तेव्हा मी म्हणायचे, काही नाहीये गं तिथे. रोज म्हणायचे. तिच्या मुंग्या कुठल्या वायरने जाणार नव्हत्या, ते मला कळतं. पण एकदा तरी म्हणायला हवं होतं, दाखव बघू." त्यांनी चष्मा पुसला. "मला महिनाभरात कुणी म्हटलं नाही तसं. तूसुद्धा नाहीस."

खरं होतं ते. मी माफी मागितली. त्यांनी ईशिताला फोन लावला. तिने विचारलं, "म्हणजे तुझा डोळे ठीक आहे?" ताई म्हणाल्या, "डोळे ठीक आहेत. तू तुझं मराठी दाखवून घे."

सोमवारी सव्वादोनला ताईंनी पुन्हा मशीन थांबवलं. मी योगायोगाने खालीच होतो. ग्रॅहम लगबगीने आला. ताईंचा हात बटणाकडे गेला, त्याला बसायला द्यायला. तो म्हणाला, "नको, राहू दे वर. दाखव मला."

दोघं उभ्यानेच स्क्रीनकडे वाकले. मग ग्रॅहमने पान कागदावर काढून आणलं आणि भिंग लावून बघितलं. ठिपका खरंच नव्हता.